बुद्धीची हमाली आणि तिचा दर

पुण्याच्या भुसार बाजारात पाठीवरून पोते वाहणाऱ्या हमालाला एका पोत्यामागे किती हमाली मिळावयाची, हे ठरलेले असते. ते व्यापाऱ्याला ठाऊक असते, हमालालाही ठाऊक असते, आणि कराराची मुदत संपली की दोन्ही पक्ष पुन्हा समोरासमोर बसतात. त्याच शहराच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत एखाद्या परदेशी बँकेसाठी संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कंत्राटी अभियंत्याला मात्र आपल्या कामाची मूळ किंमत काय लागली, हे बहुधा कळत नाही. त्याच्या हाती पडणारी रक्कम किती हातांतून झिजत आली, हे विचारण्याचीही त्याला सोय नसते. शिक्षणाने आणि मिळकतीने हमालाच्या कितीतरी पुढे असलेला हा वर्ग आपल्या श्रमाचे मोल ठरविण्याच्या बाबतीत त्याच्या मागे का राहिला, या प्रश्नाचा गंभीरपणे विचार करावयास हवा. कारण या वर्गाचे दर आता घसरणीला लागले आहेत, आणि घसरण रोखून धरील असा कोणताही आधार त्याच्या पायाखाली नाही.

हा वर्ग एकजिनसी नाही. त्यात ठळकपणे दोन गट दिसतात. पहिला गट घरी बसून, संगणकाच्या जाळ्यावरील बाजारपेठांतून परदेशी गिऱ्हाइकांची सुटी कामे घेणाऱ्यांचा. दुसरा, आणि पुण्यात अधिक महत्त्वाचा, गट कंपनीच्या कचेरीत कायम नोकरांच्या शेजारी बसून तेच काम करणाऱ्या, पण कंपनीच्या पटावर नसणाऱ्यांचा. याची नेमणूक सहा महिन्यांची किंवा वर्षाची असते, पैसे मधल्या पुरवठादाराकडून येतात आणि कागदोपत्री तो नोकर नसून 'व्यावसायिक' असतो. त्यामुळे त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. काम संपले की ओळखपत्र परत करून तो दाराबाहेर पडतो.

भरभराटीचे दिवस आणि वाढलेली गर्दी

पुण्याचे संगणक-नगर हे रूप फार जुने नाही. १९८८ साली सी-डॅक ही संस्था येथे स्थापन झाली आणि १९९१ साली तिने 'परम' हा महासंगणक सिद्ध केला. सॉफ्टवेअरच्या निर्यातीसाठी केंद्र सरकारने १९९० साली जी पहिली तीन तंत्रज्ञान-उद्याने उभी केली, त्यांत बंगळूर व भुवनेश्वर यांच्याबरोबर पुणे होते. त्याआधीच, १९८३ साली, वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली होती. मनुष्यबळाचा पुरवठा आणि त्याला मिळणारी मागणी असे दोन प्रवाह या शहरात एकत्र आले. लातूर, सांगली, जळगाव, बुलढाणा अशा जिल्ह्यांतील शिक्षकांची, कारकुनांची आणि शेतकऱ्यांची मुले त्या प्रवाहाबरोबर पुण्यात आली आणि एका पिढीत त्यांच्या घरांची आर्थिक स्थिती पालटली. हे मोठेच सामाजिक स्थित्यंतर होते आणि त्याचे श्रेय या उद्योगाला दिलेच पाहिजे.

परंतु या भरभराटीला चढउतार प्रथमपासून होते. २००० साल उजाडताना जगभरचे संगणक तारखांच्या घोळात सापडतील या भीतीने भारतीय प्रोग्रामरांना अपरिमित मागणी आली. ते संकट सरले, पाठोपाठ अमेरिकेतील इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला आणि मागणी आटली. २००८ च्या मंदीत परदेशी गिऱ्हाइकांनी दर कमी करून मागितले. २०२० व २०२१ या साथीच्या वर्षांत सारे व्यवहार घरबसल्या होऊ लागताच पुन्हा सुगी आली, आणि २०२२ च्या अखेरीपासून ती ओसरली. प्रत्येक उतारात कंपन्यांनी प्रथम कोणाला वजा केले असेल, तर ते कंत्राटी मनुष्यांना. त्यांना घेण्याचा मुख्य हेतूच तो असतो. काम आले की माणूस वाढवावा, काम गेले की कमी करावा, आणि या आंदोलनाचा भार कंपनीने न सोसता माणसाने सोसावा.

ताज्या उतारात आणखी एक भर पडली. नवशिक्या अभियंत्याला बड्या कंपन्यांत मिळणारा वार्षिक पगार दशकाहून अधिक काळ तीन ते साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. दुसऱ्या टोकाला, जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत मधल्या व वरच्या पायरीवरील अनुभवी माणसांचा भरणा मोठा होता. खालून अल्प मोबदल्यावर तयार असलेला नवशिका आणि वरून नोकरी गेलेला, घराचे हप्ते डोक्यावर असलेला अनुभवी, असे दोघेही एकाच बाजारात उतरले म्हणजे दराचे काय व्हावयाचे, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही.

रुपयाने घातलेला पडदा

दर घसरला तरी तो चटकन जाणवत नाही, याचे एक कारण रुपयाच्या घसरणीत आहे. २०१३ च्या आरंभी एका डॉलरला सुमारे ५५ रुपये पडत. डिसेंबर २०२५ मध्ये रुपयाने नव्वदी ओलांडली. समजा, एखाद्या प्रोग्रामरला २०१३ साली तासाला २० डॉलर मिळत होते व आता १५ मिळतात. डॉलरांत त्याचा दर चतुर्थांशाने उतरला. परंतु रुपयांत तो ११०० वरून १३५० वर गेलेला दिसतो आणि माणूस समाधान मानतो. याच काळात किरकोळ भावांचा सरकारी निर्देशांक मात्र जवळजवळ दुपटीवर गेला. म्हणजे २०१३ ची पातळी नुसती टिकविण्यासाठी त्याला तासाला दोन हजारांहून अधिक मिळावयास हवे होते. सरकारी कचेरीतील कारकुनाला महागाई भत्ता मिळतो; निर्देशांक चढला की वर्षातून दोनदा त्याचा हिशेब होतो. कंत्राटी अभियंत्याच्या करारात निर्देशांकाचा उल्लेखही नसतो.

दुसरी गफलत स्वतःच्या हिशेबातली आहे. नोकरी सोडून मुक्त व्यवसायात शिरणारा तरुण सामान्यतः आपल्या जुन्या पगाराला कामाच्या दिवसांनी भागतो आणि तोच दर सांगतो. हा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. पगार वर्षाला १२ लाख धरू. शनिवार-रविवार वगळता वर्षाचे दिवस २६१, म्हणजे दिवसाला सुमारे ४६०० रुपये. पण नोकराला २६१ दिवसांचे पैसे मिळतात ते सण, रजा व आजारपण यांसह. कंत्राटी माणसाला दहा सुट्या व वीस रजा स्वतःच्या खिशातून घ्याव्या लागतात, उरले २३१. एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत वर्षात चाळीस दिवस गेले, तर उरले १९१. काम शोधणे, दर कळविणे, बिले पाठविणे व पैशासाठी तगादा लावणे यांत आठवड्यातील एक दिवस जातो असे धरले, की प्रत्यक्ष मोबदला मिळणारे दिवस उरतात १५३. बारा लाखच मिळवावयाचे तर दर हवा दिवसाला सुमारे ७८००. विमा, संगणक, वीज आणि म्हातारपणाची तजवीज यांचा खर्च यात धरलेलाच नाही. ४६०० चा दर सांगणारा तरुण आपण बरोबरीत आहोत असे मानतो. वस्तुतः त्याने पहिल्याच दिवशी चाळीस टक्क्यांची सूट देऊन टाकलेली असते. त्याने सूट दिली की शेजाऱ्यालाही द्यावी लागते.

करव्यवस्थेनेही या सवलतीला नकळत हातभार लावला आहे. २०१६ च्या अर्थसंकल्पाने छोट्या व्यावसायिकांसाठी जमेतील निम्मी रक्कमच उत्पन्न मानून कर भरण्याची सोय केली, आणि ती संगणक-व्यावसायिकांनाही लागू आहे. सोय चांगली आहे. पण तिच्यामुळे हाती पडणारा पैसा वाढतो म्हणून पुरवठादार दर कमी करून सांगतो आणि माणूस तो मान्य करतो. सरकारने छोट्या व्यावसायिकाला दिलेली सवलत अशा रीतीने हळूच दुसऱ्याच्या खिशात जाते.

मुकादम दिसत नाही

दराच्या घसरणीत मध्यस्थांच्या साखळीचा वाटा मोठा आहे. काम देणारी परदेशी कंपनी, तिचा मुख्य पुरवठादार, त्याने नेमलेला उपपुरवठादार, पगारपत्रक सांभाळणारी आणखी एखादी संस्था आणि शेवटी काम करणारा माणूस अशी ही उतरंड असते. प्रत्येक पायरीवर काही ना काही गळते. किती गळते, हे सर्वांत खालच्याला सांगितले जात नाही. किंबहुना दराची चर्चा कोणाशी करू नये असे कलम पुष्कळदा त्याच्या करारातच असते.

महाराष्ट्राला मध्यस्थ नवा नाही. बीडचा ऊसतोडणी मजूर मुकादमामार्फतच कारखान्यावर जातो. त्याची उचल, त्याचे कर्ज आणि त्याच्या हालअपेष्टा यांविषयी जेवढे लिहावे तेवढे थोडे आहे. तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट उघड असते. तोडणीचा दर आणि मुकादमाचे कमिशन ही दोन्ही साखर कारखान्यांचा संघ व मजुरांच्या संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतात आणि वृत्तपत्रांत छापून येतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ मान्य झाली, तेव्हा मुकादमाच्या कमिशनात एक टक्क्याची वाढ झाली, हेही त्याच वेळी जाहीर झाले. उसाच्या फडातील निरक्षर मजुराला जे कळू शकते, ते अभियांत्रिकीच्या पदवीधराला कळू नये, हा प्रकार विचित्र म्हटला पाहिजे.

संगणकाच्या जाळ्यावरील बाजारपेठांत मुकादमाची जागा यंत्राने घेतली आहे. आज अपवर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी बाजारपेठेने २०१६ साली नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या ५०० डॉलरांवर वीस टक्के कमिशन लावले. २०२३ मध्ये ते सरसकट दहा टक्के झाले आणि २०२५ पासून कामागणिक शून्य ते पंधरा टक्क्यांपर्यंत बदलते झाले. २०१९ पासून तर काम मागण्याच्या अर्जालाही पैसे मोजावे लागू लागले. पुण्यातील प्रोग्रामर तेथे कराची, मनिला, कीव्ह येथील प्रोग्रामरांशी एकाच पाटीवर भाव लावतो.

त्यात आता बुद्धीचेच काम करणाऱ्या यंत्रांची भर पडली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरले. त्यानंतर काही महिन्यांतच अशा एका बाजारपेठेवरील लेखनादी कामे करणाऱ्यांची मासिक मिळकत सुमारे पाच टक्क्यांनी घटल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखविले. आज्ञावली लिहिण्यातही ही यंत्रे वाकबगार होत आहेत. येथे तासाच्या दराने काम विकण्याचा दोष उघडा पडतो. जो दहा तासांचे काम यंत्राच्या साह्याने चार तासांत करतो, त्याला चारच तासांचे पैसे मिळतात. कौशल्य वाढले म्हणून मिळकत घटली, असा उफराटा न्याय त्याच्या वाट्याला येतो.

बाजाराचा न्याय आणि त्याच्या मर्यादा

यावर एक उत्तर तयार असते. पुरवठा वाढला, मागणी घटली, म्हणून भाव उतरला. यात अन्याय कसला? शिवाय पुण्यात दर बांधून दिला तर काम व्हिएतनामला जाईल. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पुण्याच्या बाजारातील पोते पुण्यातच उचलावे लागते. आज्ञावली जगात कोठेही लिहिता येते. म्हणून हमालीच्या धर्तीवर प्रोग्रामरांचा दर बांधून द्यावा, ही मागणी टिकणारी नाही. एवढेच नव्हे, तर स्वतंत्र व्यावसायिकांनी एकत्र येऊन दर ठरविला, तर २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली तो मक्तेदारीचा कट ठरविला जाण्याचा धोका आहे. कामगाराने दर मागितला तर ती संघटना आणि 'व्यावसायिका'ने मागितला तर तो कट, असा हा पेच आहे. युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून एकट्याने काम करणाऱ्या स्वयंरोजगारी माणसांच्या सामुदायिक वाटाघाटींना या कायद्यांच्या कचाट्यातून मोकळे केले. तसा विचार आपल्याकडेही व्हावयास हवा.

पण दर बांधून देता येत नाही म्हणून काहीच करता येत नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. पुण्यातील कंपनीने पुण्यातीलच माणसाला पुण्यातील पुरवठादारामार्फत आपल्याच कचेरीत बसवून काम करून घेतले, तर त्या व्यवहारात जागतिक असे काय आहे? तो तर या देशाच्या कायद्याच्या पूर्ण आवाक्यात आहे. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने 'स्वतंत्र' म्हणून नेमलेल्या माणसांनी आपण वस्तुतः नोकरच आहोत असा दावा लावला आणि २००० साली त्या कंपनीला सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलरांची तडजोड करावी लागली. ब्रिटनमध्ये २०२१ पासून असा माणूस खरोखर स्वतंत्र आहे की नावापुरता, हे ठरविण्याची जबाबदारी मोठ्या व मध्यम खाजगी कंपन्यांवरही टाकण्यात आली.

महाराष्ट्राला तर दूर पाहण्याचे कारणच नाही. एका मालकाकडे बांधलेला नसलेला, रोज वेगळ्या दुकानी राबणारा हमाल कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हता. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाड्यांना संघटित केले, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभारली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याचा गाभा साधा आहे. मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक लेव्ही मालकाने मंडळाकडे भरावयाची. मंडळाने मजुरी द्यावयाची आणि लेव्हीतून निर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची सोय करावयाची. मालक बदलले तरी हक्क माणसाबरोबर राहतात. कंत्राटी प्रोग्रामरला आज नेमके हेच हवे आहे. परंतु हा कायदा अंगमेहनतीच्या कामापुरता आहे.

केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २०२० साली संमत होऊन २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली, या दिशेने अर्धे पाऊल टाकले आहे. तिने 'गिग' कामगार ही संज्ञा मान्य केली, आणि काम जुळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीत भरावी असे ठरविले. अशा मंचांच्या यादीत व्यावसायिक सेवा पुरविणारेही आहेत. पण हिंजवडीतील माणूस ज्या पुरवठादारांच्या साखळीतून येतो, ती कोणत्याही ऑनलाइन मंचावर चालत नाही. त्या साखळीपर्यंत ही लेव्ही पोहोचविली नाही, तर खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या मुलाला जे संरक्षण मिळेल, ते त्याच्या पदवीधर भावाला मिळणार नाही.

हाताशी असलेली हत्यारे

नव्या कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली एकटा प्रोग्रामरही सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी करू शकतो. मग त्याचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे गिऱ्हाइकावर बंधनकारक होते. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि दाद मागण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या परिषदा आहेत. अशा उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी वजा करता येऊ नये, अशी तरतूदही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून झाली. ही हत्यारे अनेकांना ठाऊक नाहीत, आणि ज्यांना आहेत ते पुढचे काम जाईल या भीतीने ती उचलत नाहीत. ही भीती एकट्याने जात नाही. तिला संघटनाच हवी.

येथे या वर्गाने आपल्या मनाची अढी तपासली पाहिजे. संघटना ही गिरणी कामगारांची किंवा हमालांची बाब, आपण 'प्रोफेशनल', अशी ही अढी आहे. पण डॉक्टरांना, वकिलांना, चार्टर्ड अकाउंटंटांना संघटना वर्ज्य वाटत नाहीत. पुण्यातच कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ साली आपली पंचायत स्थापिली. २००८ साली 'स्वच्छ' ही स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था काढून त्यांनी महापालिकेशी करार केला आणि मधला ठेकेदार दूर सारला. ज्या कामाला केवळ भांडवल म्हणून एक संगणक आणि चार माणसांची बुद्धी लागते, तेथे अशी सहकारी संस्था अशक्य का असावी? सहकाराच्या या राज्यात अभियंत्यांनाच तेवढे सहकाराचे वावडे असावे, हे नवल आहे.

राज्य सरकारने दोन गोष्टी सहज कराव्यात. शासकीय व निमशासकीय संगणक-कामांची जी कंत्राटे निघतात, त्यांत प्रत्यक्ष काम करणाऱ्याला किती मोबदला मिळणार हे उघड करण्याची अट घालावी, आणि माथाडी मंडळांच्या धर्तीवर बौद्धिक कामाच्या कंत्राटींसाठी पुणे जिल्ह्यात एक मंडळ प्रायोगिक तत्त्वावर नेमावे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही आपल्या विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहिण्याबरोबरच करारपत्र वाचण्यास आणि आपल्या दिवसाची किंमत काढण्यास शिकवावे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात यासाठी चार तास काढणे जड जाऊ नये.

दर खाली येण्याचे सर्व परिणाम आज दिसणार नाहीत. ज्यांना निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही आणि विमाही नाही, अशा माणसांची मोठी संख्या वीस वर्षांनी याच शहरात साठीला पोहोचेल. त्या वेळी त्यांचा भार त्यांच्या मुलांवर किंवा सरकारवर पडेल. त्यांच्या श्रमावर नफा मिळविणारी साखळी तोपर्यंत दुसऱ्या देशी गेलेली असेल. भुसार बाजारातील हमालाने आपल्या म्हातारपणाची तरतूद करून घेण्यासाठी अर्धशतकापूर्वी लढा दिला. त्याच्या नातवाच्या हाती आज कदाचित संगणक असेल. आजोबाने मिळविलेले नातवाने गमावावे, अशी वेळ पुण्याने येऊ देता कामा नये.